बाहेरच्या रांगेतली पेशी

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. माझ्यात एक संपूर्ण गाय सामावलेली आहे. शिंगं, वशिंड, लोंबते कान, शेपटीचा गोंडा आणि चार सडांसकट. हे विधान शास्त्राला धरून आहे आणि मी ते पूर्ण जबाबदारीनं करते आहे.

सध्या मी खताच्या रिकाम्या गोणीत आहे. ती गोणी वडगाव रासाईत, ओढ्याकडेच्या वडाला टांगलेली आहे. खाली दोन कुत्री मान वर करून बसली आहेत. त्यांचा माझ्याबद्दलचा आदर गेल्या आठ दिवसांत तसूभरही कमी झालेला नाही.

जुनी म्हणजे किती जुनी? दहा महिन्यांची. हसू नका. आमच्यात हे वय पुष्कळ झालं. मी अजून जिवंत आहे असं म्हणणार नाही, पण माझ्यातलं पुस्तक अजून वाचता येतं, आणि तेवढ्यावर आत्मवृत्त सांगायला हरकत नसावी. आणखी एक. आम्ही पेशी वाढतो म्हणजे दोन होतो, दोनाच्या चार होतो. त्यामुळे 'मी' म्हणताना मध्येच 'आम्ही' आलं तर समजून घ्या. पुढाऱ्यांचंही तेच होतं, आणि त्यांना तर असलं काही कारणही नसतं.

माझा जन्म वरवंडला, हायवेच्या कडेला. खाली टायरचं दुकान आणि वर प्रयोगशाळा. माझी आई कुठल्यातरी दूरच्या गोठ्यातली नामांकित गीर गाय. तिची माझी भेट नाही, तिचं बीज तेवढं आलं. वडील सहा वर्षांपूर्वी वारले होते. मी त्यांना भेटले तेव्हा ते एका बारीक नळीत, शून्याखाली एकशे शहाण्णव अंशांत होते. दोघांची गाठ एका काचेच्या वाटीत पडली. ती घालून दिली डॉक्टर हसीना हिनं. केडगावची मुलगी, जनावरांची डॉक्टर, हाताला कमालीची सबुरी. ती वाटीत डोकावून 'चला, झालं' असं पुटपुटली. माझ्या जन्माचं स्वागत तेवढंच.

पण मित्रांनो, पहिले सात दिवस काय सांगू! इतके आनंदाचे दिवस कुणाच्या वाट्याला येत नाहीत. साडेअडतीस अंशांची ऊब, वाटीत गोडसर पाणी, खालून टायर ठोकल्याचा आवाज, आणि आम्ही दोनाच्या चार, चाराच्या आठ! प्रत्येकीकडे तेच साठ खंडांचं, म्हणजे साठ गुणसूत्रांचं पुस्तक. शिंग कसं करावं, खूर कसा करावा, डोळ्याचं भिंग कसं घासावं, सगळं त्यात. आणि आईबापांनी आपापल्या पानांवर चिकटवलेल्या टिकल्या पटापट निघत होत्या. टिकली म्हणजे मेथिल नावाची अगदी बारीक खूण. पानावर ती बसली की सहसा ते पान मिटतं. यकृताच्या पेशीत शिंगाची पानं मिटलेली असतात, म्हणून तर यकृताला शिंगं फुटत नाहीत. आमच्या मात्र टिकल्या निघत होत्या आणि पानांमागून पानं मोकळी होत होती. मी काय वाटेल ते होऊ शकत होते! सकाळी वाटायचं, काळीज व्हावं. दुपारी वाटायचं, डोळा. मधल्या वेळात मी वशिंडाचाही विचार करून ठेवला होता.

काही टिकल्या मात्र निघायच्या नसतात. आई-बाप दोघांनीही त्या वारसा म्हणून ठेवलेल्या असतात. बापाकडचं एक पान म्हणतं, 'वाढव.' आईकडचं एक पान म्हणतं, 'आवर.' संसार म्हणजे तरी दुसरं काय? आईकडच्या त्या पानाची टिकली उलट्या रीतीची आहे. ती ते पान मिटवू पाहणाऱ्यालाच गप्प बसवते, आणि म्हणून 'आवर' उघडं राहतं. ती टिकली पडली की 'आवर' मिटतं आणि नुसतं 'वाढव' उरतं.

आमची ती टिकली पडली. वाटीत पडली. का, ते मला माहीत नाही. पोटात न घालवलेले ते सात दिवस क्वचित असं काही करून जातात, इतकंच. कुणालाही दिसलं नाही. सूक्ष्मदर्शकातून आम्ही अगदी देखण्या दिसत होतो. हसीनानं वहीत 'उत्तम' असं लिहिलं.

सहाव्या-सातव्या दिवशी निवड झाली. ना अर्ज, ना मुलाखत. आमचा गोळा पाण्यानं फुगला, काहीजणी आत राहिल्या आणि काही बाहेरच्या रांगेत आल्या. आतल्यांची होणार कालवड. बाहेरच्यांची होणार वार, म्हणजे कालवडीच्या भोवतीची, बाळंतपणानंतर बाहेर पडणारी पिशवी. आत की बाहेर हे कशावरून ठरलं? कोण कुठं उभी होती त्यावरून. मी कडेला उभी होते. बस्स. इतकी मोठी घडामोड इतक्या किरकोळ कारणानं झालेली मी त्यानंतर फक्त दूधसंस्थेच्या निवडणुकीत पाहिली.

तरी मी उमेद सोडली नाही. उंदराच्या पेशींत अशा वेळी नको असलेल्या पानांना लगेच कड्या लागतात म्हणे. आम्हा गायींच्यात कडी काही दिवस अर्धवट असते. आतल्यांची पानं अजून माझ्यातही उघडी होती! मला कुणी आत ढकललं असतं तर मी अजूनही काळीज झाले असते. ढकललं नाही.

आम्हाला नळीत भरून, उबदार डब्यात ठेवून वडगावला नेलं. गाडी चालवत होते मीरासाहेब, हसीनाचे वडील. तीस वर्षं दौंड-शिरूरच्या गोठ्यागोठ्यांत कृत्रिम रेतन केलेला माणूस. म्हाताऱ्या गायीसुद्धा त्यांच्या मोटारसायकलचा आवाज ओळखत. आता निवृत्त होऊन ते मुलीची गाडी हाकत. केडगावच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या लागल्या. मीरासाहेबांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही.

"अब्बा, मागं लहान मूल नाही बसलंय," हसीना म्हणाली.

"त्याच्याहून बी ल्हान बसलंय," ते म्हणाले.

मला फार भरून आलं. मला तेव्हा डोळे नव्हते, आणि पुढं ते मिळालेही नाहीत.

वडगावला पोपटराव वाट पाहत होते. पोपटराव म्हणजे दूधसंस्थेचे माजी चेअरमन. 'माजी' हा त्यांच्या नावाचाच भाग झालेला. कृषी प्रदर्शनात त्यांनी एक गीर गाय पाहिली, तिच्यासोबत फोटो काढला आणि तेव्हापासून त्यांना आपल्या दारात गीर हवी होती. गर्भ वाढवायला त्यांनी निवडली गवरी. साधी संकरित, तांबडी, मध्यम बांध्याची. गवरी कागदोपत्री पोपटरावांची, पण खरं तर त्यांच्या पत्नी विठाबाईंची. आई मेलेलं वासरू म्हणून विठाबाईंनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. गवरी तिसऱ्यांदा गाभण राहणार होती आणि अजूनही विठाबाईंचा पदर चघळायची.

"मीरासाहेब, हात तुम्ही घाला," पोपटराव म्हणाले. "पोरगी कशाला मधी?"

"पोपटराव, म्या जल्मभर रेतन केलं. ह्यो गर्भ हाय. ह्येचं शिक्षान तिनं घेतलंय. म्या फकस्त डायवर."

"घालू द्या की तिला," विठाबाई म्हणाल्या. "बाईच्या पोटाचं बाईला कळतं. तुमी गायीचं शेपूट धरा, तेवढं जमंल." मग त्या हसीनाकडे वळल्या. "पोरी, गीर हु नाय तर हत्ती हु, माझ्या गवरीला काय व्हता कामा नये. ती गेली तर तुझी गीर मला नको."

"काळजी घेईन, काकी," हसीना म्हणाली.

आणि मी गवरीच्या पोटात गेले.

मित्रांनो, इथून माझे कामाचे दिवस सुरू झाले! आतल्या पेशी आपापल्या खुर्च्या निवडत बसल्या होत्या. मी कामाला लागले. सोळाव्या-सतराव्या दिवशी आम्ही बाहेरच्यांनी मिळून एक पान उघडलं आणि निरोप धाडला: 'पोटात कुणीतरी आहे.' हा निरोप गेला नसता तर गवरी एकविसाव्या दिवशी पुन्हा माजावर आली असती आणि कालवड, वशिंड, प्रदर्शन, सगळं संपलं असतं. गाय गाभण आहे हे गायीला मी सांगितलं! पोपटरावांना मात्र ते महिन्याभरानं सोनोग्राफीवरून मीरासाहेबांनी सांगितलं आणि बातमीचा पेढाही मीरासाहेबांनीच खाल्ला.

माझ्यातल्या आतल्या कामाच्या पानांना एव्हाना पक्क्या कड्या लागल्या होत्या. काळीज गेलं, डोळा गेला, वशिंडही गेलं. पुस्तक तेच, पण मला आता त्यातलं मोजकंच वाचायची परवानगी होती. वाईट वाटलं का? वाटलं. पण फार वेळ नव्हता. गर्भाशयाच्या आतून बटणासारख्या गाठी असतात. तशाच माझ्याही आल्या, आणि शंभरेक बटणं लावून मी गवरीला धरून बसले. तिच्याकडून हवा घ्यायची, चारा-पाणी घ्यायचं, कालवडीला द्यायचं. रात्रंदिवस. कालवडीनं मला एकदाही विचारलं नाही की हे सगळं येतं कुठून. लाडात वाढलेल्यांना सहसा तो प्रश्न पडत नाही.

फक्त 'आवर' मिटलेलं होतं. कालवड वाढत होती, मीही वाढत होते, आणि थांबा म्हणणारं घरात कुणी नव्हतं. सातव्या महिन्यातच गवरीचं पोट नवव्याचं दिसू लागलं.

पोपटराव हरखले. येणाऱ्या-जाणाऱ्याला गोठ्यात नेऊन पोट दाखवू लागले. "जातिवंत बी हाय! बघा, कसं भरलंय!" बिबट्याच्या भीतीनं गोठ्याला जाळी लावलेली होती. लोक जाळीपलीकडून पाहत आणि मान डोलवत. पोपटरावांनी गवरीची पेंड दुप्पट केली. एवढं मोठं वासरू, त्याला खायला नको? विठाबाई त्यातली निम्मी पेंड मुकाट्यानं दुसऱ्या गायीपुढं टाकत. या एका गोष्टीनं किती वाचवलं, हे मी आतून सांगू शकते.

हसीना आठव्या महिन्यात आली. तिनं हात घालून पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला.

"वासरू जास्त मोठं आहे, काका. वाटीतल्या गर्भाचं कधीकधी असं होतं. कळा सुरू झाल्या की आधी मला फोन करा. कुणी ओढायचं नाही."

"मोठं हाय म्हंजी चांगलंच की!"

"पोपटराव," मीरासाहेब म्हणाले, "दार येवढं आन् कपाट तेवढं. कपाट चांगलंच हाय. बाहीर कसं काढता?"

पोपटराव हसले. विठाबाई हसल्या नाहीत. त्यांनी हसीनाचा नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहिला, आणि पुसू नये म्हणून त्याच्याभोवती चौकट केली.

तारीख उलटून दहा दिवस झाले. मग एका पहाटे पाण्याची पिशवी फुटली. दोन पुढचे पाय दिसले; एवढे जाड खूर गोठ्यानं पाहिले नव्हते. गवरीनं तासभर जोर केला. पाय होते तिथंच. पोपटरावांनी चार माणसं बोलावली, पायांना दोर बांधला आणि चौघांनी ओढलं. गवरी हंबरली. त्या आवाजानं माझी दहा-बारा बटणं तटातटा सुटली.

मित्रांनो, आता नीट ऐका. कालवड बाहेर येऊन श्वास घेईपर्यंत मी सुटायचं नसतं. मी सुटले तर ती आतल्या आत गुदमरणार, आणि मेलेलं वासरू अडकलं की गवरीही जाणार. मी उरलेली बटणं आवळून धरली. माझ्यात तेव्हा एकच पान उघडं होतं: 'धर.'

"हलंना," चौघांतला एकजण म्हणाला. "टॅक्टर लावू का?"

"लावा," पोपटराव म्हणाले.

विठाबाईंनी दोराची गाठ हातात घेतली. "आदी मला बांधा टॅक्टरला. मंग गायीला."

"अगं, वेळ जातोय!"

"तवा फोन का न्हाई केला? नंबर भिताडावर हाय. वाचता येतंय न्हवं? चेअरमन व्हतात तुमी!"

ट्रॅक्टर राहिला. फोन विठाबाईंनीच केला.

हसीना आणि मीरासाहेब चाळीस मिनिटांत पोचले. या खेपेला मीरासाहेबांनी केडगावपासून हॉर्नवरचा हात काढला नव्हता. हसीनानं चौघांना बाजूला केलं, बाही खांद्यापर्यंत चढवली, बादलीभर गुळगुळीत द्रावण आत सोडलं आणि हात घातला. डोकं मागं वळलेलं होतं. इतका वेळ चौघे जण पाय ओढत होते आणि दुमडलेली मान अडत होती. हसीनाचा हात माझ्याजवळून गेला. तोच हात, वाटी हलू न देणारा. तिनं मान सरळ केली.

"आता तिच्या कळेबरोबरच ओढायचं. कळ थांबली की थांबायचं. आधी एक पाय, मग दुसरा. अब्बा, तुम्ही उजवा. काकी, तुम्ही डावा. याउपर वासरू आलं नाही तर पोट फाडावं लागेल."

"आन् मी?" पोपटराव म्हणाले.

"तुम्ही शेपूट धरा."

त्यांनी धरलं.

कळ आली. थांबली. आली. थांबली. माझी साठ बटणं उरली, मग पन्नास. हवा कमी पडू लागली आणि कालवडीचं काळीज मंदावलं. तेच काळीज, जे होण्याची मला एकेकाळी इच्छा होती. आता ते चालू ठेवणं एवढंच माझ्या हातात होतं. विठाबाई पाय धरूनच गवरीशी बोलत होत्या, "हाय गं बाई, हाय मी. अजून एक." डोकं आलं. खांदे आले. आणि मग एकदम सगळीच आली, आणि मीरासाहेब तिच्यासकट शेणात बसले.

"हाय का जित्ती?"

हसीनानं नाकातला चिकटा काढला, कालवडीच्या नाकात गवताची काडी घातली. कालवड शिंकली.

"कालवड हाय!" पोपटराव ओरडले आणि शेपूट सोडायचं विसरले.

कांद्याच्या काट्यावर ती शेहेचाळीस किलो भरली. गीरच्या दोन कालवडी भरल्या असत्या तितकी. उभं राहायला तिला दोन तास आणि तीन माणसं लागली. पण राहिली.

सगळे तिच्याभोवती जमले. विठाबाई सोडून. त्या गवरीजवळ होत्या, आणि गवरीच्या मागं मी लोंबत होते.

कारण आता मी सुटायला हवं होतं, आणि मला सुटता येत नव्हतं. इतक्या जोरानं धरल्यावर एकदम कसं सोडणार? 'धर' मिटायचं आणि 'सोड' उघडायचं, याला वेळ लागतो. पण अर्ध्या दिवसापलीकडं वार पडली नाही तर ती सडते, विष अंगात भिनतं, आणि बाळंतपणातून वाचलेली गाय वारेनं जाते. हसीनानं औषध दिलं आणि पालथ्या बादलीवर बसून राहिली. सकाळचे आठ, बारा, दोन वाजले.

दोन वाजता ती भाकरी खायला घरात गेली तेव्हा पोपटरावांनी मला वीट बांधली.

हा आमच्याकडचा उपाय आहे. वजनानं वार खाली येते असा समज आहे. वजनानं ती फाटते, निम्मी आत राहते, आणि उरलेल्याला कुणी विचारत नाही. पोपटरावांना खरोखर मदत करायची होती. वीट नवी होती.

बाहेर येऊन पाहिलं ते मीरासाहेबांनी. त्यांनी आवाज चढवला नाही. वीट सोडली, हातात तोलली आणि विचारलं, "पोपटराव, ही तुमच्या मिशीला बांधू? मिशी खाली येती का बघू."

पोपटरावांनी वीट घेऊन बाजूला ठेवली. गवरीकडं पाहिलं, विठाबाईंकडं पाहिलं. विठाबाई रडत होत्या, आवाज न करता. मग हसीना बाहेर आली तसे ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "डॉक्टर," ते म्हणाले, "मी काय करू?" तिला ते पहिल्यांदाच डॉक्टर म्हणाले.

"काही करू नका, काका. ते फार अवघड असतं, पण करा."

त्यांनी ते साडेतीन तास केलं. मी आतून एकेक बटण सोडत होते. चाळीस. तीस. अकरा. साडेपाच वाजता, धारेच्या वेळी, शेवटचं बटण सुटलं आणि मी सबंधच्या सबंध, न फाटता, जमिनीवर पडले. हसीनानं मला पसरून पाहिलं, कडा जुळवल्या आणि म्हणाली, "पूर्ण आहे." माझ्या आयुष्यातलं हे दुसरं आणि शेवटचं प्रमाणपत्र. आणि या खेपेला ते खरं होतं. गवरीनं मान वळवून विठाबाईंचा पदर तोंडात घेतला.

"आता खड्डा घ्या," हसीना म्हणाली, "चुना टाका आणि पुरा."

"पोरी," विठाबाई म्हणाल्या, "तुझं सगळं ऐकलं. येवढं माझं ऱ्हाऊ दे. वार वडाला बांदायची असती. वडाला दुधासारखा चीक असतो, म्हून गायीला दूध येतं."

हसीनानं मीरासाहेबांकडं पाहिलं. मीरासाहेबांनी वडाकडं पाहिलं. आणि पोपटरावांनी गोणी आणली.

तर मित्रांनो, अशी मी इथं. खाली गोठ्यात ती कालवड आहे. तिचं नाव महाराणी. तिच्या प्रत्येक पेशीत जे पुस्तक आहे तेच शब्दशः माझ्यात आहे; फक्त ती आतली आणि मी बाहेरची. ती वर बघत नाही. माझी तक्रार नाही, विनंती आहे. अडलेल्या गायीला ट्रॅक्टर लावू नका. वारेला वीट बांधू नका. नंबर भिंतीवर लिहिला असेल तर तो वाचा. आणि वार पुरा. झाडांना आपली पानं सांभाळायची असतात, त्यांना आमच्या गोण्या कशाला? ज्यांनी बाहेर उभं राहून कुणाला धरून ठेवलं आणि वेळेवर सोडलं, त्यांची थोडी आठवण ठेवा.

आज आठवा दिवस. विठाबाईंनी सकाळी गवरीची धार काढली. चार लिटर दूध निघालं. मागच्या वेताला, माझ्याआधीची वार ओढ्यात वाहून गेली होती तेव्हाही, ती चारच लिटर देत होती.